दारात थांबलेलं मूल : खेळाच्या टेबलावर मला मिळालेला लाजरेपणाचा धडा



आपल्या प्रत्येकाच्या वर्गात एक तरी मूल असं असतंच. त्याला यायचं असतं, खेळायचं असतं, पण ते दारातच थांबतं. आपण म्हणतो, "अरे ये ना, लाजतोस काय?" आणि ते आणखी एक पाऊल मागे सरकतं.

आज अशाच एका मुलाबद्दल लिहिते आहे. तो माझा विद्यार्थी नाही, भाचा आहे. वय वर्षे तेरा. माझी बहीण दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात राहायला गेली. मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे तीन आठवडे राहिले. त्या तीन आठवड्यांतल्या तीन गुरुवारांनी मला जे शिकवलं, ते डी.एड.च्या दोन वर्षांतही मला नीट कळलं नव्हतं. म्हणून हा लेख.

हा खेळ नेमका काय आहे?

भाच्याला छंद आहे टेबलटॉप वॉरगेमिंगचा. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. आपण दिवाळीत किल्ला करतो, त्यावर मावळे मांडतो, हळीव पेरून हिरवळ करतो. तसंच हे. फरक एवढाच की इथे मावळे मांडून थांबत नाहीत, त्यांना नियमाने हलवतात.

एक मोठं टेबल असतं. त्यावर छोट्या टेकड्या, झाडं, पडकी घरं मांडलेली असतात. दोन्ही बाजूंना सैन्य. एकेक सैनिक साधारण आपल्या अंगठ्याच्या पेराएवढा. एका खेळाडूची पाळी, मग दुसऱ्याची. कोणता सैनिक किती इंच पुढे जाणार ते मोजपट्टीने मोजायचं, आणि नेम लागला की नाही ते फासे टाकून ठरवायचं. सैनिक तयार मिळत नाहीत. राखाडी प्लास्टिकचे सुटे भाग चिमट्याने कापायचे, गोंदाने जोडायचे आणि बारीक ब्रशने स्वतः रंगवायचे. खेळापेक्षा जास्त तास रंगवण्यातच जातात.

या खेळाला मोठा इतिहास आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे वापरून युद्ध शिकवायच्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. पुढे १९१३ मध्ये विज्ञानकथा लिहिणारे प्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून घरातल्या खेळण्यातल्या सैनिकांसाठी नियम दिले. १९८३ साली 'वॉरहॅमर' हा काल्पनिक जगातला खेळ आला. तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं मुख्यालय याच नॉटिंगहॅममध्ये आहे. त्यामुळे त्या शहरात हा छंद असणारी माणसं सहज भेटतात.

"युद्धाचा खेळ मुलांना कशाला?" हा प्रश्न पालकांच्या मनात येईल. माझ्याही आला. पण वेल्स यांनी आपल्या पुस्तकाच्या शेवटी लिहिलंय ते याच्या उलट आहे. टेबलावरची छोटी लढाई खेळून पाहिली की खरी लढाई किती गोंधळाची आणि किती महागाची असेल हे कळतं, असा त्यांचा सूर आहे. आणि पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

पहिला गुरुवार : माझी चूक

भाच्याला वाढदिवसाला सैनिकांचा एक डबा मिळाला होता. चार महिने तो एकटाच खोलीत बसून रंगवत होता. पण खेळला एकदाही नव्हता. कारण खेळायला समोर माणूस लागतं.

घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर एका सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी असा क्लब भरतो. लहान मुलांसोबत घरचं मोठं माणूस हवं, असा तिथला नियम. बहिणीची नोकरी संध्याकाळची, म्हणून मी गेले.

आत सात-आठ टेबलं. प्रत्येक टेबलाभोवती दोन-तीन माणसं वाकलेली. बहुतेक जण मोठे, काही तर पन्नाशीचे. मुलं तीन-चारच. हशा, फाशांचा आवाज. कुणीही दाराकडे पाहिलं नाही. भाचा उंबऱ्यावर थांबला, हातातला डबा छातीशी धरून.

आणि मग मी ते केलं, जे आपण सगळे करतो. "जा ना. विचार ना कुणाला तरी. एवढं काय लाजायचं? कुणी खाणार आहे का तुला?" शिवाय पाठीवर हात ठेवून थोडं पुढे ढकललं.

तो आत गेला नाही. वळला आणि सरळ बाहेर चालू लागला.

घराजवळ आल्यावर म्हणाला, "मावशी, तू मला ढकललंस. आता मी परत कधीच जाणार नाही."

मी गप्प. मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिच्याबद्दल शेवटी सांगते.

त्याच्या मनात काय होतं?

दोन दिवसांनी तो रंगवत होता आणि मी शेजारी स्वेटर विणत बसले होते. काही विचारलं नाही. अर्ध्या तासाने तो आपणहून बोलू लागला. त्याच्या भीतीची यादी मी मनात लिहून घेतली:

१. मला सगळे नियम येत नाहीत. चुकलो तर समोरच्याचा वेळ जाईल.
२. माझं रंगकाम वाईट आहे. त्यांचं किती छान असतं!
३. ते सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. मी मध्येच कसा घुसू?
४. माझं इंग्रजी वेगळं ऐकू येतं.
५. आत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, हेच कळत नाही.

मंडळी, ही यादी पुन्हा वाचा. वॉरगेमिंग काढून तिथे 'वर्ग', 'कबड्डी', 'गॅदरिंग' असं काहीही घाला. वर्षाच्या मध्येच बदली होऊन आलेल्या किंवा ऊसतोडीला आलेल्या आईवडिलांबरोबर आपल्या शाळेत दाखल झालेल्या मुलाची यादी हीच असते.

यातला एकही मुद्दा "लाजू नकोस" या वाक्याने सुटत नाही.

मराठीत आपल्याकडे किती शब्द आहेत पाहा: लाजाळू, बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ. पण शब्द चिकटवला की आपलं काम संपलं असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे लाजाळूचं झाड आपण मुलांना परिसर अभ्यासात दाखवतोच. हात लावला की ते मिटतं. मग उघडायचं कसं? बोटांनी पानं उघडायला गेलो तर ती फाटतील. हात काढून घ्यायचा आणि थांबायचं. थोड्या वेळाने ते आपोआप उघडतं.

अभ्यास काय सांगतो?

यासंबंधी तीन गोष्टी आपल्याला माहीत असायला हव्यात.

पहिली. काही मुलांचा स्वभाव जन्मापासूनच सावध असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवीन आवाज, नवीन वस्तू दाखवून पाहिल्या. साधारण पाचांतलं एक बाळ नव्या गोष्टीने फार अस्वस्थ होत होतं. अशी मुलं पुढे बुजरी होण्याची शक्यता जास्त होती, पण सगळी झाली नाहीत. म्हणजे हा दोष नाही आणि हे कपाळावर लिहिलेलंही नाही.

दुसरी. १९३२ साली मिल्ड्रेड पार्टेन यांनी बालवाडीतल्या मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून सहा प्रकार सांगितले. नुसतंच रिकामं राहणं, दुसऱ्यांचा खेळ पाहणं, एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, एकमेकांत मिसळून खेळणं, आणि शेवटी मिळून एका उद्देशाने खेळणं. यात 'पाहणं' हा खेळातल्या सहभागाचाच एक प्रकार मानला आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण मात्र पाहणाऱ्या मुलाला म्हणतो, "नुसता उभा काय राहिलास?"

तिसरी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ओशाळवाणं वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आलं असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्शाच्याच लक्षात आलं होतं. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे लाजऱ्या माणसाला वाटतं तेवढं खरं नसतं. पण हे त्याला सांगून पटत नाही, त्याला तसा अनुभव यावा लागतो.

दुसरा गुरुवार : फक्त पाहायचं

या वेळी आम्ही आधी ठरवलं. खेळायचं नाही. फक्त अर्धा तास पाहायचं. त्याने "चल" म्हटलं की कारण न विचारता मी निघायचं. डबा घरी ठेवायचा. फक्त एकच सैनिक, सगळ्यात चांगला रंगवलेला, खिशात घ्यायचा.

मी बहिणीकरवी क्लबला आधी निरोपही पाठवला होता, की एक नवीन मुलगा पाहायला येणार आहे, त्याला लगेच खेळायला बसवू नका.

आम्ही आत गेलो आणि भिंतीजवळच्या एका टेबलापाशी उभे राहिलो. दहा मिनिटं कुणी काही विचारलं नाही. मग पांढऱ्या मिशांच्या एका आजोबांनी खेळता खेळता मोजपट्टी त्याच्यापुढे धरली. "तिकडचं टोक जरा धरतोस का? माझा हात पुरत नाही."

त्याने धरलं. सात इंच. "सात," तो म्हणाला. त्या सभागृहात त्याने उच्चारलेला हा पहिला शब्द.

थोड्या वेळाने त्यांनी फासे दिले. "माझं नशीब आज वाईट आहे, तू टाकून बघ." पाच फाशांत दोन षटकार पडले. टेबलावरचे सगळे हसले, तोही हसला. मग त्याने खिशातून आपला सैनिक काढला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. काही बोलला नाही. आजोबांनी हात लावला नाही, आधी विचारलं, "उचलून पाहू का?" (दुसऱ्याचा सैनिक न विचारता उचलायचा नाही, हा या खेळातला शिष्टाचार आहे.) मग जवळ धरून विचारलं, "या अंगरख्याच्या घड्या कशा काढल्यास?"

आणि माझा मुखदुर्बळ भाचा बोलू लागला. आधी गडद रंगाचं पाणी घड्यांमध्ये कसं सोडलं, ते वाळू दिलं, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर फिका रंग कसा ओढला. चार महिने तो हेच एकट्याने करत होता. या विषयावर त्याच्याकडे सांगण्यासारखं भरपूर होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

लक्षात घ्या, त्यांनी नाव, शाळा, गाव काही विचारलं नाही. माणसाबद्दल नाही, त्याने केलेल्या वस्तूबद्दल विचारलं.

अर्धा तास कधीच उलटून गेला होता. "चल" म्हणायचं तो विसरला.

तिसरा गुरुवार : हरलो, पण खेळलो

त्याच आजोबांनी एक छोटा सामना ठरवला होता. मोठं सैन्य नाही, दोन्ही बाजूंना पाच-पाच सैनिक. समोर त्यांचा नातू, साधारण याच वयाचा. सुरुवातीलाच भाच्याने घरून पाठ करून नेलेलं वाक्य म्हटलं, "मी नवीन आहे. हा माझा पहिलाच सामना आहे." ते एक वाक्य त्याच्या फार उपयोगी पडलं. एकदा सांगून टाकलं की मग चुका लपवाव्या लागत नाहीत.

दुसऱ्याच पाळीला तो नेम धरायचा विसरून थेट पुढे धावला. नातू म्हणाला, "अरे, नेम राहिला तुझा. घे, परत घे." पुढे एका नियमावर दोघंही अडले. पुस्तक उघडलं, तरी कळेना. मग नातवाने एक फासा उचलला, "चार किंवा जास्त पडले तर तुझं खरं." वाद असा मिटवायची त्या खेळात रीतच आहे. म्हणजे नियम जुन्या खेळाडूंनाही पाठ नसतात! भाच्याच्या यादीतला पहिला मुद्दा तिथेच गळून पडला.

तो हरला. पाचही सैनिक गेले. शेवटी दोघांनी हात मिळवला. परतताना पूर्ण रस्ता तो बोलत होता आणि मी ऐकत होते.

तो आता बडबड्या झाला, असं मी लिहिणार नाही. तो अजूनही कमी बोलतो. मी परत आल्यानंतर एका गुरुवारी तो गेलाच नाही, आणि बहिणीनेही विचारलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेला.

या खेळात लाजऱ्या मुलाला काय सोपं जातं?

मी विमानात बसून वहीत मांडलेले मुद्दे:

१. नजर टेबलावर असते, चेहऱ्यावर नाही. दोघं मिळून तिसऱ्याच गोष्टीकडे बघतात.
२. पाळी ठरलेली असते. बोलण्यासाठी कुणाला तोडावं लागत नाही. आपली वेळ येतेच.
३. बोलायची वाक्यं खेळच देतो. "सहा इंच पुढे", "माझी पाळी", "नेम लागला". पहिलं वाक्य शोधावं लागत नाही.
४. हाताला काम असतं. हात गुंतले की जीभ सैल होते.
५. फासे असतात. हरलं तर सगळा दोष आपल्या अकलेचा नसतो, थोडा नशिबाचाही असतो.
६. लहान-मोठं मिसळून असतं. वयाची चढाओढ कमी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, हा छंद स्वस्त नाही. पण वरच्या सहा मुद्द्यांना पैसे लागत नाहीत. ते आपल्या वर्गात, दिवाळीच्या किल्ल्यात, सारीपाटात, कॅरममध्येही आणता येतात.

शिक्षक-पालकांसाठी : उद्यापासून करता येईल असं

* मुलासमोर दुसऱ्यांना "आमचा फार लाजाळू आहे हो" असं सांगू नका. ते ऐकत असतं.
* नवीन ठिकाणी पहिल्या दिवशी फक्त पाहायची परवानगी द्या, आणि वेळ आधी ठरवा. निघायचं असेल तर निघता येईल, हा शब्द पाळा.
* तिथल्या एका माणसाला आधी सांगून ठेवा. सगळ्यांना नको, एकालाच.
* मुलाने स्वतः केलेली एक वस्तू सोबत असू द्या. चित्र, भोवरा, मातीचा बैल, काहीही.
* "नाव काय तुझं?" ऐवजी "हे कसं केलंस?" असं विचारा.
* आधी खरं काम द्या, मग बोलायची संधी. दोरी धर, खडू दे, गुण लिही.
* पहिलं एक वाक्य घरी म्हणून घ्या. "मी नवीन आहे, मला शिकवाल का?" एवढं पुरतं.

एक सावधगिरी. घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिनोन् महिने एकही शब्द बोलत नसेल, किंवा भीतीने शाळाच टाळत असेल, तर तो नुसता लाजरेपणा म्हणून सोडून देऊ नका. बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकांना जरूर दाखवा.

आणि माझ्या वर्गातली ती मुलगी

तिसरीतली. अक्षर सुंदर, बोलणं नाही. तिची भीती जावी म्हणून मी तिला २६ जानेवारीच्या भाषणात उभं केलं. माझा हेतू चांगलाच होता. दोन वाक्यांनंतर ती थांबली. समोर गावकरी, सरपंच, दोनशे मुलं. कुणीतरी हसलं. ती तशीच उभी राहिली आणि मीही तिला खाली न बोलावता "बोल, बोल" म्हणत राहिले. पुढचे चार दिवस ती शाळेत आली नाही. मग तिची आई आली आणि हात जोडून म्हणाली, "बाई, तिला परत तिथं उभं करू नका."

नॉटिंगहॅमहून आल्यावर जूनमध्ये ती चौथीत गेली होती. मी तिला काहीच बोलले नाही. खो-खोच्या तासाला फक्त घड्याळ आणि फळा तिच्याकडे दिला. दोन महिने ती गुण लिहीत होती, एक शब्द न बोलता. मुलंच तिला विचारायची, "किती झाले गं?" ती बोटं दाखवायची.

ऑगस्टमधल्या एका दुपारी सामना रंगात आला होता. मला शिट्टी वाजवायचं भान राहिलं नाही. आणि मागून खणखणीत आवाज आला, "वेळ संपली!"

सगळं मैदान थांबलं. मी मागे वळून पाहिलं नाही. कौतुकही केलं नाही. फक्त शिट्टी वाजवली आणि म्हटलं, "ऐकलंत ना? पुढची पाळी."

तुमच्याही वर्गात, घरात असं दारात थांबलेलं मूल असेल. त्याच्यासाठी तुम्ही काय केलंत, काय चुकलं, काय जमलं, जरूर कळवा. चुका कळवल्यात तर जास्त आवडेल. त्यातूनच आपण शिकतो.